साडेतीन मिनिटांच्या केसरबाई

मंडळी, गेल्या पावसाळ्यात आमच्या रूमवर एक उद्योग चालू होता. रूम-पार्टनरच्या काकांनी त्याला जुना टर्नटेबल दिला आणि सोबत पिंक फ्लॉइडची १९७३ सालची द डार्क साइड ऑफ द मून ही एलपी. ती कॉम्प्युटरवर उतरवायची, असं ठरलं. सबमिशन तोंडावर आलेलं असताना आम्हाला असलंच काहीतरी सुचतं, हे सरांना चांगलंच ठाऊक आहे!

हा साधा गाण्यांचा संग्रह नाही. दोन्ही बाजू मिळून साधारण ४३ मिनिटं एकच विचार चालतो, एक गाणं संपता संपता दुसऱ्यात मिसळतं. आम्ही आधी गाणी तोडून वेगवेगळ्या फायली केल्या, तर प्रत्येक जोडावर ठेच लागायला लागली. शेवटी एका बाजूची एक अशा दोनच फायली ठेवल्या. काम फत्ते! मग काय, अंगात वारं शिरलं.

गणपतीला मालवणला, मेढ्यातल्या घरी गेलो तेव्हा माळ्यावरचा आजोबांचा पेटारा आठवला. आजोबा मुंबईचे चाकरमानी. कधीतरी तिथून त्यांनी ग्रामोफोन आणि तबकड्या आणल्या होत्या. ग्रामोफोन कधीच भंगारात गेला, तबकड्या राहिल्या. आपल्याकडची दमट हवा ती, बऱ्याचशा तबकड्यांवर पांढरी बुरशी आली होती. दोन-तीन तडकल्या होत्या. एक मात्र धड निघाली. तिचं लेबल वाळवीने अर्धं खाल्लेलं, राग कोणता ते कळेना, पण नाव वाचता येत होतं. केसरबाई केरकर.

हॉस्टेलवर आणून लावली, तर नुसती खरखर आणि त्याच्या मागे कुठेतरी लांबवर बाईचा आवाज. मग शोधाशोध केली तेव्हा चूक कळली. एलपीच्या खाचेसाठी सुईचं टोक साधारण २५ मायक्रॉनचं असतं. ७८ आरपीएमच्या जुन्या तबकडीची खाच रुंद, तिला ७५ मायक्रॉनच्या आसपासचं टोक लागतं. आमची बारीक सुई खाचेच्या तळाशी साचलेल्या घाणीत घसरत होती आणि वर खाचही खरवडत होती. ताबडतोब बंद केलं. तबकडी एकच, दुसरी कुठून आणणार? योग्य सुई मागवली आणि ती येईपर्यंत या बाई कोण, ते वाचत बसलो.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा, गोव्यातल्या केरीचा. आपल्याला केरी म्हटलं की तेरेखोलच्या खाडीपलीकडची, किनाऱ्यावरची केरी आठवते. ही ती नव्हे. ही आत, फोंडा तालुक्यातली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीजांचं राज्य होतं. केसरबाईंचं घराणं कलावंतांचं. त्या घरांतल्या मुलींच्या वाट्याला गाणं जन्मानेच यायचं. पण गाणं ऐकायला येणारे लोक त्या गाण्याला जेवढा मान देत, तेवढा गाणारीला देत नसत. केसरबाईंचं पुढचं वागणं समजून घ्यायचं तर ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते.

आठ वर्षांच्या असताना घर कोल्हापूरला आलं. तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे तालीम सुरू झाली आणि आठच महिन्यांत थांबली. गोव्याला परत आल्यावर रामकृष्णबुवा वझे मिळाले. हे बुवा आपल्या सावंतवाडी संस्थानातले, म्हणजे केसरबाईंच्या गळ्यात थोडासा सिंधुदुर्गही आहे म्हणा ना! बुवा लामगावला मुक्कामाला आले की केसरबाई तिथे जाऊन शिकायच्या. बुवा नसले की शिकवणी बंद.

१९०८ च्या सुमाराला, सोळाव्या वर्षी, आई आणि मामांबरोबर त्या मुंबईला आल्या. शेठ विठ्ठलदास द्वारकादास या श्रीमंत व्यापाऱ्यांच्या मदतीने सतारिये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे शिक्षण सुरू झालं. मग थोडे दिवस भास्करबुवा बखले, मध्ये पुन्हा वझेबुवा. एक गुरू लाभतोय म्हणेपर्यंत तो दुसऱ्या गावी जाई. असं तुकड्यातुकड्यांनी शिकणं जवळजवळ वीस वर्षं चाललं.

आणि मग १९२१ साली त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या गंडाबंद शागीर्द झाल्या. खाँसाहेब कोल्हापूर दरबारचे गायक, जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक. तरुणपणी त्यांचा स्वतःचा आवाज बिघडला होता. जो उरला त्या आवाजाला झेपेल अशी नवी, पेचदार गायकी त्यांनी घडवली. अनवट राग, दोन राग एकमेकांत गुंफलेले जोडराग, आणि लयीला चिकटून पुढे सरकणारी तान. ही गायकी घोकून येत नाही.

तेव्हा केसरबाईंचं वय किती? एकोणतीस! वीस वर्षं शिकलेली बाई पुन्हा पहिल्या सेमिस्टरला येऊन बसली. आपल्यापैकी कोणाला सांगून बघा, आधीचं सगळं विसर आणि सा लावायला नव्याने शिक म्हणून. आपण एका एटीकेटीने खचतो. त्या पुढे सुमारे अकरा वर्षं खाँसाहेबांकडे कसून शिकल्या. १९३० च्या सुमाराला व्यावसायिक मैफली सुरू केल्या, तरी तालीम सुटली नाही. १९४६ साली खाँसाहेब गेले, तोवर गुरू-शिष्येचं नातं टिकलं. गोव्याच्याच कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या गुरुभगिनी. किशोरी आमोणकर या मोगूबाईंच्या कन्या, म्हणजे हा वारसा केवढा मोठा ते लक्षात येईल.

केसरबाई मैफलीत बसल्या की दबदबा असायचा. खुला, भरदार आवाज, तिन्ही सप्तकांत सारखाच वजनदार. श्वास कधी घेतला ते कळू नये असा लांब पल्ला. विलंबित लयीतला ख्याल सावकाश उलगडत जायचा. रवींद्रनाथ टागोर त्यांच्या गाण्याचे चाहते होते. कलकत्त्याच्या रसिकांनी त्यांना सूरश्री ही पदवी दिली आणि ती पुढे नावालाच चिकटली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये पद्मभूषण आणि त्याच वर्षी महाराष्ट्राच्या राज्यगायिका हा सन्मान.

पण बाई होत्या कडक! गाणार कुठे, किती वेळ, बिदागी किती, समोर कोण बसणार, सगळं त्या स्वतः ठरवायच्या. आपली विद्या कोणी उचलून नेऊ नये याबद्दल कमालीच्या जागरूक. शिष्य जवळजवळ केलेच नाहीत. नाव सांगावं असं एकच, धोंडूताई कुलकर्णी. स्वतःच्या मुलीला गाण्याच्या पेशापासून दूर ठेवलं, डॉक्टर केलं. याला कोणी गर्व म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्या घरातल्या बायकांनी कुठे आणि कुणासमोर गायचं हे पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांनी ठरवलं, त्या घरातल्या एका बाईने ते स्वतः ठरवायला घेतलं, इतकंच.

यंत्रांशीही त्यांचं जमलं नाही. एचएमव्ही आणि ब्रॉडकास्ट या कंपन्यांसाठी काही ध्वनिमुद्रणं केली, पण एकंदरीत कमीच. कारण समजायला आपल्या शाखेचं गणित पुरे. ७८ च्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मावतात. लांब वाजणारी एलपी आली १९४८ साली, तेव्हा केसरबाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. पिंक फ्लॉइडला एक विचार मांडायला ४३ मिनिटं मिळाली. केसरबाईंचा एक ख्याल तेवढा वेळ सहज घेई, आणि समोर तबकडी होती तीन मिनिटांची. अख्खा समुद्र तांब्यात भरायला सांगण्यासारखंच ते! १९६३-६४ च्या सुमाराला, आवाज आपल्या मनासारखा राहिला नाही असं वाटल्यावर, त्यांनी जाहीर गाणं थांबवलं.

आणि गंमत बघा, याच बाईंचं गाणं आज माणसाच्या हातून सर्वात लांब गेलं आहे.

१९७७ साली नासाने व्हॉयेजर नावाची दोन यानं सोडली. दोघांवरही सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची १२ इंची तबकडी आहे. परग्रहावर कोणी असलंच, तर त्याला पृथ्वीची ओळख व्हावी म्हणून. कार्ल सेगन यांच्या समितीने त्यात ५५ भाषांतले नमस्कार घेतले, त्यांत आपली मराठीही आहे. संगीताचे २७ तुकडे निवडले, त्यांत भारतातला एकच. केसरबाईंची भैरवी, जात कहाँ हो. वेळ साडेतीन मिनिटं. संगीताचे अभ्यासक रॉबर्ट ब्राऊन यांनी ती सुचवली होती, पण तबकडी बाजारात मिळेना. शेवटी न्यूयॉर्कच्या लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या धुळकट खोक्यात तिच्या प्रती सापडल्या. आमच्या माळ्यावरच्या पेटाऱ्यासारखंच की!

व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबर १९७७ ला. अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या. ते यान २०१२ साली सौरवाऱ्याच्या प्रभावाबाहेर, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलं. आज ते आपल्यापासून २४०० कोटी किलोमीटरहून जास्त दूर आहे आणि त्याला विचारल्यासारखी भैरवी त्याच्याच अंगावर कोरलेली आहे, जात कहाँ हो.

त्या तबकडीसोबत सुई आणि कार्ट्रिजही पाठवलंय. एका फेऱ्याला ३.६ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६⅔ फेरे, हेही झाकणावर खुणांनी कोरलंय. म्हणजे परग्रहवासीयांची सोय आमच्या रूमपेक्षा बरी!

आमची सुई पंधरा दिवसांनी आली. तबकडी शुद्ध पाण्याने आणि मऊ कापडाने पुसली. स्पिरिट वापरू नका हं, लाखेच्या तबकडीचा थर त्यात विरघळतो. वेगाचाही घोळ असतो. ७८ ऐवजी ८० वर फिरवली तर स्वर जवळजवळ पाव सुराने चढतो. ९६ किलोहर्ट्‌झ, २४ बिटवर उतरवलं. आणि मग रूम-पार्टनरने उत्साहाने खरखर काढून टाकली. आवाज एकदम स्वच्छ! पण पुन्हा ऐकलं तर तानपुराही नाहीसा झालेला आणि तानेचं टोक बोथट. खरखरीबरोबर सॉफ्टवेअरने गाणंही थोडं पुसलं होतं.

म्हणून आता दोन फायली ठेवल्यात. एक हलकीशी साफ केलेली, आणि एक अगदी जशी निघाली तशी, ठक-ठक आणि खरखर सकट. ही दुसरी कधीही डिलीट करायची नाही, असं रूमच्या भिंतीवरच लिहून ठेवलंय. ती पुढच्या गणपतीला घरी नेणार आहे. आजीला ऐकवायची आहे.

मित्रांनो, हे तीन मिनिटांचं गाणं म्हणजे केसरबाई नव्हेत. त्या मैफलीत होत्या, आणि त्या मैफली त्यांच्याबरोबर गेल्या. आपल्या हाताला लागलाय तो एक तुकडा. पण माळ्यावर बुरशी खात पडलेले असे तुकडे मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडीच्या किती घरांत असतील! येत्या सुट्टीत घरी गेलात की एकदा वर चढून बघा. फक्त घाईने सुई टेकवू नका. आधी लेबल वाचा, नाव कोणाचं आहे ते बघा, आणि त्या माणसाबद्दल चार ओळी वाचून मगच वाजवा.