हिशेबनीस आणि मधमाशी

पांढुर्णा-सौंसर भागात संत्र्याच्या बागा फुलल्या की सारे शिवार दरवळते आणि झाडाझाडांवर मधमाश्यांची गुणगुण सुरू होते. मोहोळ दिसले की टेंभा पेटवायचा, माश्या जाळायच्या आणि पोळे पिळून मध काढायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. त्यात मधाबरोबर पिल्लेही पिळली जातात आणि मोहोळ कायमचे उठते. मध घ्यावा, पण मोहोळ राखावे, हा विचार ज्यांनी थेट अर्थशास्त्रात नेला, त्या जे. सी. कुमारप्पांची कर्मभूमी येथून फार दूर नाही. ती वर्ध्यास होती.

कुमारप्पांचा जन्म ४ जानेवारी १८९२ रोजी तंजावर येथे एका ख्रिस्ती कुटुंबात झाला. लंडनला हिशेबतपासनिसाचे शिक्षण घेऊन त्यांनी मुंबईत व्यवसाय थाटला. पुढे अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात हिंदुस्थानच्या दारिद्र्याची कारणे अभ्यासताना सरकारी जमाखर्चातच त्यांना लूट दिसली. १९२९ साली ते साबरमतीस गांधीजींना भेटले, तेव्हा अंगावर उंची विलायती पोशाख होता आणि बसायला सारवलेली जमीन! थोड्याच काळात त्यांनी खादी धारण केली.

१९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. जमनालाल बजाजांनी दिलेल्या जागेत, वर्ध्याच्या मगनवाडीत, घाणीचे तेल, हातकागद, गूळ यांबरोबर मधमाशीपालनाचेही काम चाले. सातेरी जातीच्या माश्या लाकडी पेटीत राहतात. पेटीतील सुट्या चौकटी यंत्रात फिरवून मध काढायचा आणि रिकामे पोळे परत ठेवायचे. माश्या जगतात व पुन्हा मध साठवतात.

१९४२ च्या लढ्यात त्यांना कारावास घडला. जबलपूरच्या तुरुंगात त्यांनी ‘इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स’ हा ग्रंथ लिहिला. तो १९४५ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी अर्थव्यवहाराच्या पायऱ्या निसर्गातूनच घेतल्या. वाघ मेंढी मारून जगतो, माकड दुसऱ्याच्या बागेतले फळ पळवते. मधमाशी मात्र फुलातून घेताना परागीकरण करून फुलाचे देणे फेडते. शिवाय ती एकटीसाठी साठवत नाही, साऱ्या मोहोळासाठी साठवते. सर्वांत वरची पायरी मातेच्या निरपेक्ष सेवेची.

अविवाहित राहून, साधेपणाने जगून ३० जानेवारी १९६० रोजी, गांधीजींच्या पुण्यतिथीलाच, मद्रासला ते निवर्तले.

पैशाचा हिशेब शिकलेल्या या माणसाने वहीत एक रकाना वाढवला: घेतले किती, याच्यापुढे परत दिले किती. आमच्या बागाईतदाराने भर फुलोऱ्यात विषारी औषध फवारले, तर कीड मरते, पण फळ धरायला मदत करणारी माशीही मरते. पंपाला हात घालण्यापूर्वी त्याने एकदा तो दुसरा रकाना पाहावा.