दादा कोंडके : हशा आणि हिशेब

सुशिक्षितांनी नाक मुरडावे आणि जनसामान्यांनी डोक्यावर घ्यावे, असे भाग्य फार थोड्या कलावंतांच्या वाट्याला येते. कृष्णा ऊर्फ दादा कोंडके हे त्यांपैकी अग्रगण्य होत. १४ मार्च १९९८ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर एवढा काळ लोटूनही त्यांच्या चित्रपटांविषयीचा वाद शमलेला नाही आणि त्यांवरील हशाही ओसरलेला नाही. या दोन्ही गोष्टींचा एकत्रित विचार मात्र क्वचितच होतो.

कोंडके घराणे मूळचे आपल्याच पुणे जिल्ह्यातील, भोरजवळच्या इंगवलीचे. दादांचा जन्म ८ ऑगस्ट १९३२ रोजी मुंबईतील नायगावच्या चाळीत झाला. गिरणगावातील बॅण्डपथक, अपना बाजारमधील नोकरी आणि राष्ट्र सेवा दलाचे कलापथक या तीन शाळांत त्यांचे खरे शिक्षण झाले. पैकी दुसऱ्या शाळेत गिऱ्हाईक ओळखावे लागते आणि तिसऱ्या शाळेत श्रोता. पुढील यशाचे मूळ या दुहेरी ओळखीत होते, असे म्हणावयास हरकत नाही.

१९६५ मध्ये रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीस यांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’ या लोकनाट्याने त्यांना नाव दिले. त्याचे प्रयोग दीड हजारांवर गेले. भालजी पेंढारकर यांच्या ‘तांबडी माती’ (१९६९) या चित्रपटाने त्यांना पडद्यावर आणले. तेथे न थांबता त्यांनी स्वतः निर्मितीचे धाडस केले व १९७१ मध्ये ‘सोंगाड्या’ प्रदर्शित झाला. कथा सबनीसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे, संगीत राम कदम यांचे आणि नायिका उषा चव्हाण. चित्रपट कृष्णधवल, खर्च बेताचा आणि विषय तमाशाच्या नादी लागलेल्या एका भोळ्या गावकऱ्याचा.

दादरच्या कोहिनूर चित्रगृहाला देव आनंद यांचा ‘तेरे मेरे सपने’ हवा होता. शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांनी पाठबळ दिले तेव्हाच ‘सोंगाड्या’ला पडदा मिळाला. चित्रपट चालेल की नाही हे प्रेक्षक ठरवितो खरा. परंतु तो प्रेक्षकापर्यंत पोहोचेल की नाही हे वितरणाची नाडी ज्याच्या हाती, तो ठरवितो. बाजारपेठेच्या अभ्यासकाला यापेक्षा नेमके उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

त्यानंतरचा हिशेब सर्वांस ठाऊक आहे. ‘एकटा जीव सदाशिव’, ‘आंधळा मारतो डोळा’, त्यांनीच दिग्दर्शित केलेला ‘पांडू हवालदार’ (१९७५), ‘राम राम गंगाराम’ अशी ओळीने नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरे केले व त्याची गिनीज बुकात नोंद झाली. ओळखीचा चमू, तमाशातील बतावणीचा ठसका, ओठांवर रुळणारी गाणी आणि गुडघ्यापर्यंतच्या चड्डीची लोंबती नाडी एवढेच भांडवल. खर्च आटोपशीर आणि आठवडे पुष्कळ, हे त्या व्यवसायाचे सूत्र होते.

हा प्रेक्षक कोण होता, हे बारामती-इंदापूरच्या वाचकास सांगावयास नको. नीरा डाव्या कालव्याच्या काठचा ऊस, माळेगाव व भवानीनगरचे सहकारी कारखाने, वालचंदनगरची वसाहत, आणि पलीकडे पाण्याची वाट पाहणारी जिरायती गावे, असा हा मुलूख. ‘सोंगाड्या’च्या पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला, माणसे खडी फोडावयास गेली. दिवसभर राबलेल्या या माणसाला पडद्यावर दिसलेला नायक देखणा नव्हता, इंग्रजी बोलत नव्हता; तो त्याच्याच बोलीत पाटलाला, हवालदाराला आणि शहाण्यांना चकवीत होता. हसण्याचा हा हक्क त्याला अन्य कोणी दिला नव्हता.

तथापि, लोकप्रियता म्हणजे निर्दोषता नव्हे. द्व्यर्थी संवादांत सेन्सॉरची कात्री अडकून पडे, कारण शब्द सोवळे आणि अर्थ ओवळा. परंतु ‘सोंगाड्या’तील कलावतीला मन आहे, पुढे पुढे स्त्री ही केवळ विनोदाचे निमित्त उरली आणि ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ (१९८६) यासारख्या हिंदी चित्रपटांपर्यंत शीर्षकच मुख्य माल ठरले. तमाशातील शृंगाराला गण, गवळण आणि वग यांची चौकट असते. ती निखळली की चावटपणा तेवढा मागे राहतो. ज्या श्रोत्यांत बायाबापड्याही बसत, त्यांच्याशी ही प्रतारणाच होती.

म्हणून त्यांना देव्हाऱ्यात बसविण्याचे कारण नाही, तसेच त्यांना अभ्यासक्रमाबाहेर ठेवण्याचेही नाही. २०१५ मध्ये मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला मोक्याची वेळ मिळावी म्हणून शासनाला पुढे यावे लागले. म्हणजे कोहिनूरचा प्रश्न चव्वेचाळीस वर्षांनीही सुटलेला नव्हता. मराठी प्रेक्षकच नाही, असे म्हणणाऱ्यांनी आधी तो शोधावयास आपण कोठवर गेलो, हे स्वतःस विचारावे. दादा त्याच्या दारापर्यंत गेले होते. त्यांचे दोष पदरात टाकतानाही एवढे श्रेय त्यांना द्यावेच लागेल.