विश्लेषण : लिहिता हात गेला, ग्रंथ मात्र पूर्ण झाला! महात्मा फुले यांच्या पक्षाघातातून मेंदूच्या रक्तवाहिन्यांबद्दल काय कळते?

वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडे ज्याला लकवा म्हणतात आणि पुण्याकडची जुनी माणसे ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणतात, तो झटका जोतीराव फुले यांना जुलै १८८८ मध्ये आला. वय होते ६१. दोनच महिन्यांपूर्वी, ११ मे रोजी मुंबईतल्या सभेत त्यांना ‘महात्मा’ ही पदवी मिळाली होती. आता उजवी बाजू लुळी पडली. लकवा मारला की माणसाची बुद्धीही गेली, असे अनेक घरांत धरूनच चालतात. जोतीरावांच्या बाबतीत तसे घडले नाही.

तोपर्यंतचे आयुष्य कसे होते?

१८२७ चा जन्म. १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा, १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ आणि त्याच वर्षी सत्यशोधक समाज, १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’. शिवाय बांधकामाची कंत्राटे, मांजरीची शेती आणि पुणे नगरपालिकेतले सदस्यत्व. पैसा आला तसा समाजकार्यात गेला, त्यामुळे आजारपण अडचणीत गेले. उपचार केले ते मित्र डॉ. विश्राम रामजी घोले यांनी. मात्र झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे जिवंत रुग्णात पाहण्याची सोय तेव्हा जगात कुठेच नव्हती. रक्तदाब मोजणारा दंडपट्टा इटलीत १८९६ मध्ये आला, तर पहिले सीटी स्कॅन १९७१ मध्ये झाले.

झटक्यानंतर काय घडले?

जोतीराव डाव्या हाताने लिहू लागले. फेब्रुवारी १८८९ मध्ये त्यांनी दत्तक मुलगा यशवंत याचे लग्न सत्यशोधक पद्धतीने लावले. त्याच काळात ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ पूर्ण केले. हा ग्रंथ बराचसा प्रश्नोत्तरांत आहे. समोरच्याची शंका मनात धरायची, तिला उत्तर द्यायचे, त्यातून पुढचा प्रश्न काढायचा आणि शेकडो मुद्द्यांत आपला धागा सुटू द्यायचा नाही. हे काम नुसत्या आठवणीचे नाही. त्याला आखणी लागते, क्रम लागतो, एका विचारावरून दुसऱ्यावर जाता यावे लागते. रक्तवाहिन्यांच्या आजारात अनेकदा नेमक्या याच क्षमता आधी ढासळतात, नावे विसरणे नंतर सुरू होते.

मग हात गेला, बुद्धी का वाचली?

मेंदूची डावी बाजू शरीराची उजवी बाजू चालवते, आणि बहुतेकांची भाषाही तिथेच असते. म्हणून उजव्या अंगाच्या लकव्यात बोली जाण्याची भीती मोठी. पण हालचालीचे तंतू मेंदूच्या आत एका अरुंद पट्ट्यातून खाली उतरतात. तिथली बारीक रक्तवाहिनी बंद पडली तर हात-पाय जातात, भाषा आणि विचार टिकू शकतात. झटका किती मोठा, यापेक्षा तो कुठे बसला हे कधी कधी जास्त महत्त्वाचे ठरते.

उलटही घडते. वर्षानुवर्षे वाढलेला रक्तदाब, मधुमेह आणि तंबाखू यांनी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होतात, रक्त कमी पोहोचते, आतला पांढरा भाग झिजतो. हात-पाय धडधाकट असतात, लकवा कधीच आलेला नसतो. फक्त माणूस मंदावतो, हिशेब चुकतो, चिडतो. घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी. जर्मनीत ऑटो बिन्सवांगर यांनी १८९४ मध्ये अशा झिजेचे वर्णन केले. तोवर जोतीरावांना जाऊन चार वर्षे झाली होती.

त्यांचा शेवट कसा झाला?

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. अंत्ययात्रेत टिटवे सावित्रीबाईंनी धरले. ग्रंथ १८९१ मध्ये यशवंत यांनी छापला.

आज वाशीममधल्या रुग्णाला काय करता येते?

जोतीरावांच्या डॉक्टरांकडे नव्हते ते साधन आज उपकेंद्रावरही असते. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत वरचा रक्तदाब १४० ऐवजी १२० च्या खाली आणण्याचे लक्ष्य ठेवले, तेव्हा बुद्धी मंदावण्याच्या सुरुवातीच्या टप्प्याचे प्रमाण घटले, असे २०१९ मध्ये दिसले. पूर्ण स्मृतिभ्रंशाबाबतचा फरक मात्र निर्णायक नव्हता. कोणाचा रक्तदाब किती खाली आणायचा, हे डॉक्टरच ठरवतील. गोळी मनाने वाढवू नये, बरे वाटले म्हणून बंदही करू नये.

तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोबडी वळली, तर १०८ ला फोन करावा आणि लक्षणे किती वाजता सुरू झाली ते लक्षात ठेवावे. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांतच देता येते, तेही रक्तस्राव नाही हे स्कॅनमध्ये पाहिल्यावर. मानोऱ्याच्या तांड्यावरून निघणाऱ्याचा यातला बराच वेळ रस्त्यातच जातो. वाशीमला वैद्यकीय महाविद्यालय २०२४ मध्ये सुरू झाले. त्याआधी जवळचे शासकीय महाविद्यालय म्हणजे सुमारे ८० किलोमीटरवरचे अकोला.