ब्लॅक बासचा कैवारी : डॉ. जेम्स हेन्शॉल

अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात १८८१ साली एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध झाले. ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ हे त्याचे नाव. लेखक जेम्स अलेक्झांडर हेन्शॉल पेशाने डॉक्टर होते आणि पुस्तकाचा विषय होता गोड्या पाण्यातला एक मासा. तोवर या माशाला प्रतिष्ठितांच्या पंक्तीत स्थान नव्हते. गळाने मासे पकडण्याचा छंद अमेरिकेने इंग्लंडकडून घेतला आणि त्याबरोबर इंग्लंडची जातिव्यवस्थाही घेतली. सामन आणि ट्राउट हे खानदानी मासे, त्यांच्यासाठी खास काठ्या आणि खास रिळे. बास मात्र गावकऱ्यांचा मासा. बांबूची लांब काठी आणि दोर एवढ्यावर त्याची बोळवण होत असे. हा भेद निराधार आहे, हे हेन्शॉल यांनी शास्त्र, साधने आणि प्रत्यक्ष अनुभव अशा तिन्ही अंगांनी मांडले. आज अमेरिकेत बासच्या मासेमारीवर जो अवाढव्य उद्योग उभा आहे, त्याच्या पायात हे पुस्तक आहे.

हेन्शॉल यांचा जन्म १८३६ सालचा, मेरीलँड राज्यातील बाल्टिमोरचा. तरुणपणी ते सिनसिनाटीला आले, तेथे वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि पुढे केंटकी राज्यातील सिंथियाना या लहान गावात दवाखाना थाटला. तो यादवी युद्धाचा काळ होता. सिंथियानात १८६२ आणि १८६४ अशा दोन वेळा लढाई झाली. गावाशेजारून लिकिंग नदीचा दक्षिणेकडील फाटा वाहतो आणि त्यात बास विपुल होता. डॉक्टरांचा या माशाशी खरा परिचय झाला तो या पाण्यावर.

परंतु सिंथियानाचे महत्त्व केवळ माशांपुरते नाही. शेजारच्याच बोर्बन परगण्यात पॅरिस नावाचे गाव आहे. तेथे जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी राहत असे. स्नायडरला मासेमारीचा छंद होता आणि हाताशी घड्याळजीची अवजारे होती. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकाच्या सुमारास त्याने स्वतःसाठी व मित्रांसाठी दातेरी चाकांचे रीळ घडवले. मूठ एकदा फिरवली की दोर गुंडाळणारी फिरकी अनेकदा फिरावी, अशी त्याची रचना होती. अशी गुणक रिळे इंग्लंडमध्ये अठराव्या शतकातही होती. पण त्यांची चाके कच्ची, लवकर झिजणारी असत आणि त्यांचा उपयोग दोर गुंडाळण्यापुरता होता. स्नायडरच्या रिळाची फिरकी इतकी हलकी फिरे की गळाला लावलेल्या लहानशा जिवंत माशाच्या वजनाने ती स्वतःच उलगडत जाई आणि आमिष दूरवर फेकता येई. रिळाच्या इतिहासातील खरी क्रांती ही होती. सध्या ज्याला बेटकास्टिंग रीळ म्हणतात, त्याची वंशावळ येथून सुरू होते.

स्नायडर १८४१ साली वारला. त्याची परंपरा केंटकीची राजधानी फ्रँकफर्ट येथे जोनाथन व बेंजामिन या मीक बंधूंनी पुढे नेली. तेही घड्याळजीच. त्यांच्याकडे उमेदवारी केलेला बेंजामिन मिलम पुढे स्वतः नामांकित कारागीर झाला. या मंडळींचे काम पाहिले म्हणजे टिकाऊपणा कशाला म्हणतात ते कळते. अंग पितळेचे किंवा जर्मन सिल्व्हरचे, लहान दातेरी चाक पोलादाचे, सांधा असा बसवलेला की फटीत केसही जाऊ नये. काही रिळांत आसाची टोके घड्याळाप्रमाणे खड्यांवर टेकवलेली असत. प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या भोकाशेजारी आकडे कोरलेले असत, कारण हाताने कातलेला एक स्क्रू दुसऱ्या भोकात नीट बसत नसे. रीळ खोलून, साफ करून, तेल देऊन पुन्हा जोडणाऱ्याची चूक होऊ नये, ही त्यामागची दृष्टी. खोलून साफ करता येणार नाही असे यंत्र फार काळ टिकत नाही, हे घड्याळजीला कोणी शिकवावे लागत नाही.

हेन्शॉल यांनी या कारागिरांची हकीकत आपल्या पुस्तकात नोंदवली नसती तर त्यांची नावे केंटकीबाहेर फारशी पोहोचली नसती. यादवी युद्धानंतर ते विस्कॉन्सिन राज्यातील ओकोनोमोवॉक या सरोवरांच्या गावी राहावयास गेले. तेथे बासची मासेमारी आणि लेखन दोन्ही जोरात सुरू झाले. केंटकीचे रीळ तर उत्तम होते. पण त्याला शोभेल अशी काठी नव्हती. ट्राउटची काठी फार लवचिक आणि प्रचारातील इतर काठ्या फार लांब व जड. हेन्शॉल यांनी सव्वाआठ फुटांची, हलकी, एकहाती काठी आखली. ‘हेन्शॉल रॉड’ या नावाने ती पुढे देशभर विकली गेली.

पुस्तकाचा पहिला भाग शास्त्रीय आहे आणि तो वाचताना डॉक्टरांची चिकाटी दिसते. बासला तोवर असंख्य शास्त्रीय नावे दिली गेली होती. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद याने १८०२ साली ज्या नमुन्यावरून या माशाचे वर्णन केले, त्याचा पाठीवरील पर तुटलेला होता. तुटका तुकडा म्हणजे वेगळा लहान पर, असा त्याचा समज झाला आणि ‘लहान पराचा’ या अर्थाचे मायक्रॉप्टेरस हे नाव माशाला कायमचे चिकटले. चुकीवर आधारलेले असले तरी आधीचे नाव तेच खरे, या नियमाप्रमाणे हेन्शॉल यांनी तेच मान्य केले. मोठ्या तोंडाचा आणि लहान तोंडाचा असे बासचे दोन प्रकार त्यांनी सामान्य वाचकाला ओळखता येतील अशा रीतीने सांगितले.

बासला त्यांनी जवळ केले त्यामागे आणखी एक कारण होते. पूर्वेकडील जंगले तुटत होती, नद्यांवर धरणे व गिरण्या उभ्या राहत होत्या, पाणी तापत आणि गढूळ होत होते. थंड, निर्मळ पाण्याचा ट्राउट अशा ठिकाणी जगणे कठीण. बास मात्र तग धरतो. उद्याचा मासा बास आहे, हे त्यांनी ओळखले होते. तो नव्या पाण्यात कसा रुजतो, याचे उदाहरण त्यांच्या जन्मराज्यातच घडले होते. १८५४ च्या सुमारास ओहायो खोऱ्यातील थोडे बास रेल्वे इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून डोंगर ओलांडून कंबरलँड येथे आणून सोडण्यात आले आणि पुढे त्यांच्या प्रजेने पोटोमॅक नदी भरून गेली.

१८८० च्या दशकात डॉ. व्हॅन अँटवर्प यांच्याबरोबर हेन्शॉल यांनी स्वतःचे एक रीळही आणले. व्हरमाँट राज्यातील टी. एच. चब यांच्या कारखान्यात ते तयार होई. मासा दोर ओढू लागला म्हणजे फिरकीला कमीजास्त करता येईल असा रोध त्यात होता. कल्पना काळाच्या पुढची होती. पण बाजारात ते रुजले नाही आणि आज ते संग्राहकांनाही क्वचित सापडते. काठी गाजली, रीळ मात्र विस्मृतीत गेले.

१८९३ साली शिकागोला भरलेल्या जागतिक प्रदर्शनात मासेमारीच्या साधनांचा विभाग हेन्शॉल यांच्याकडे सोपवण्यात आला होता. त्याच शतकाच्या अखेरीस, साठी उलटलेली असताना, ते मोंटाना राज्यातील बोझमन येथील सरकारी मत्स्यबीज केंद्राचे प्रमुख झाले. बासचा हा कैवारी तेथे ग्रेलिंग या थंड पाण्यातील देखण्या माशाच्या मागे लागला. ग्रेलिंगची अंडी कृत्रिम रीतीने उबवणे साधत नव्हते. ते हेन्शॉल यांनी मोठ्या प्रमाणावर साधून दाखवले. त्यांच्या केंद्रातून अंडी दूरवर रवाना झाली. मिशिगनमधील ग्रेलिंग मात्र त्यामुळे वाचला नाही. लाकूडतोड, बेसुमार मासेमारी आणि बाहेरून आणलेल्या माशांची स्पर्धा यांपुढे तो १९३० च्या दशकात नामशेष झाला. मासे एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेणे हे त्या पिढीला पुण्यकर्म वाटे. त्याची दुसरी बाजू हेन्शॉल यांना फारशी दिसली नाही, असेच म्हणावे लागते.

१९०९ साली मोंटाना सोडून ते मिसिसिपी राज्यातील टुपेलो येथील केंद्रावर गेले. दरम्यान त्यांच्या आवडत्या खेळाचे रूप पालटत होते. शिकागो आणि मिशिगनकडील मंडळी आखूड काठीने, डोक्यावरून झोत घेऊन आमिष फेकू लागली होती. जिवंत माशाऐवजी अनेक गळ लावलेले लाकडी मासे आले होते. कॅलामझू येथील विल्यम शेक्सपियर ज्युनियर यांनी (नाटककाराशी त्यांचा संबंध नाही) १८९० च्या दशकात दोर फिरकीवर आपोआप समान पसरवणारी यंत्रणा तयार केली होती. आखूड काठी आणि अनेक गळांचे आमिष हेन्शॉल यांना रुचले नाही. या एका बाबतीत ते जुन्या पिढीचे राहिले.

१९२५ साली सिनसिनाटीत त्यांचे निधन झाले. योगायोग असा की त्याच वर्षी अमेरिकेतून नेलेले मोठ्या तोंडाचे बास जपानच्या आशी सरोवरात सोडण्यात आले. पुढे ते जपानभर पसरले, स्थानिक माशांवर त्यांनी संकट आणले आणि २००५ साली जपानने कायद्याने त्यांना उपद्रवी परकीय प्रजाती ठरवले. दक्षिण आफ्रिकेच्या नद्यांतही अशीच तक्रार आहे.

रिळाची वाटचाल चालूच राहिली. १९५२ साली स्वीडनच्या आबू कंपनीचे ॲम्बॅसेडर आले. त्यात आमिष फेकताना मूठ फिरत नसे. १९७० च्या दशकात अमेरिकेत लू चाइल्ड्रे यांनी तळहातात मावणारे, ठेंगण्या घडणीचे रीळ रूढ केले आणि बाससाठी आज बहुतेक जण तेच घेतात. जाहिरातीत बेअरिंगांचा आकडा मोठा दाखवतात, पण टिकण्याशी त्याचा संबंध थोडाच. पाहायचे ते वेगळेच असते. सांगाडा धातूचा आहे की जोर लावताच पिळवटणारा; मुख्य चाक पितळेचे आहे की हलक्या ॲल्युमिनियमचे; लहान चाकाला दोन्ही टोकांना आधार आहे का; बाजूची झडप काढून आतले खारे पाणी, वाळू पुसता येते का. फ्रँकफर्टच्या घड्याळजींनी आकडे कोरलेल्या स्क्रूंनी हीच सोय केली होती आणि त्यांच्या हातची काही रिळे दीडशे वर्षांनंतरही संग्राहकांच्या टेबलावर सहज फिरतात.