ग्रंथांच्या रखवालदार

अमेरिकेत १८६५ साली गुलामगिरी कायद्याने बंद झाली. परंतु विद्येची दारे कृष्णवर्णीयांना त्यामुळे आपोआप उघडली नाहीत. बहुतेक महाविद्यालये त्यांना प्रवेशच देत नसत. अशा काळात, १८६७ साली, वॉशिंग्टन येथे हॉवर्ड विद्यापीठ स्थापन झाले. १९१४ साली या विद्यापीठाचे एक जुने विद्यार्थी, रेव्हरंड जेसी मूरलँड यांनी आपला ग्रंथसंग्रह त्याला अर्पण केला. आफ्रिका व कृष्णवर्णीय समाज यांविषयीचे तीन हजारांहून अधिक ग्रंथ, हस्तलिखिते व चित्रे त्यात होती. मात्र या ठेव्याची नीट व्यवस्था लागण्यास बराच काळ जावा लागला. १९३० साली ते काम पंचवीस वर्षांच्या एका तरुणीकडे आले. तिचे नाव डोरोथी पोर्टर.

डोरोथीबाईंचा जन्म १९०५ साली व्हर्जिनिया राज्यात झाला. वडील वैद्यकीय व्यवसाय करीत. हॉवर्डमधून पदवी घेतल्यावर १९३२ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची ग्रंथालयशास्त्राची उच्च पदवी संपादन केली.

मुलांनो, ग्रंथालयातील पुस्तकाच्या पाठीवर एक क्रमांक असतो, तो तुम्ही पाहिला असेल. तो म्हणजे पुस्तकाचा पत्ताच होय. पत्ता चुकला, की पुस्तक जवळ असूनही सापडत नाही. त्या वेळी अमेरिकेत ड्यूई नावाच्या गृहस्थांनी घालून दिलेली पद्धती रूढ होती. काव्य, इतिहास, वैद्यक अशा प्रत्येक विषयाला तीत निराळा क्रमांक असे. पण लेखक कृष्णवर्णीय असला, की अनेक ग्रंथालये विषय पाहतच नसत. ३२६ म्हणजे गुलामगिरी आणि ३२५ म्हणजे वसाहती, या दोन कप्प्यांतच त्याचे पुस्तक जाई. जेम्स वेल्डन जॉन्सन हे नामवंत कवी. त्यांच्या कविताही ३२५ मध्ये! कवितेचा आणि वसाहतींचा काय संबंध? डोरोथीबाईंना हे मुळीच पटले नाही. त्यांनी आपल्या संग्रहात ती रीत मोडली. कविता काव्यात आणि इतिहास इतिहासात, असा प्रत्येक ग्रंथ त्यांनी त्याच्या विषयात आणि लेखकाच्या नावाने लावला.

खरेदीसाठी पैसा जवळजवळ नव्हताच. तेव्हा त्या प्रकाशकांना व ग्रंथविक्रेत्यांना पत्रे लिहून पुस्तके मागत. कोणी वारले आणि घर आवरले जाऊ लागले, की तेथे जाऊन माळ्यावरची व तळघरातली कागदपत्रे त्या धुंडाळीत. कारण ती केरात गेली, तर पुन्हा मिळणार नव्हती. पुढे १९४६ साली विद्यापीठाने आर्थर स्पिंगार्न या वकिलांचा मोठा संग्रह विकत घेतला. जगातील अनेक भाषांतील कृष्णवर्णीय लेखकांचे ग्रंथ त्यात होते.

अशी त्रेचाळीस वर्षे गेली. १९७३ साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा संग्रहातील वस्तूंची संख्या सुमारे १,८०,००० झाली होती. निवृत्तीनंतरही त्यांचा अभ्यास थांबला नाही. १९९५ साली, नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. मूरलँड आणि स्पिंगार्न यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या संशोधन केंद्रात आजही दूरदूरचे अभ्यासक येतात.