दोन कार्ल, एक मधमाशी आणि शंभर वर्षांपूर्वीचं भांडण

मधमाशीला रंग दिसतात का? आज शाळेतलं पोरगंही हो म्हणेल. पण शंभरेक वर्षांपूर्वी जर्मनीत यावरून दोन शास्त्रज्ञांचं चांगलंच वाजलं होतं.

एक होते म्युनिकचे नामांकित नेत्रतज्ज्ञ कार्ल फॉन हेस. बंदिस्त माश्यांना त्यांनी वेगवेगळ्या रंगांचा उजेड दाखवला. जिथे उजेड जास्त, तिथे माश्या जमल्या; रंगाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. हेस यांचा निकाल: माश्या रंगांधळ्या.

दुसरे, विशीतले कार्ल फॉन फ्रिश. जन्म १८८६, व्हिएन्ना. कीटकांच्या डोळ्यांचे मोठे अभ्यासक सिगमंड एक्सनर हे त्यांचे मामाच. माश्या रंगांधळ्या, तर मग फुलांनी नटायचं कुणासाठी, हा फ्रिश यांचा साधा प्रश्न होता. त्यांनी निळ्या पुठ्ठ्यावर साखरेचं पाणी ठेवलं, आजूबाजूला करड्या रंगाच्या फिक्या-गडद छटांचे पुठ्ठे मांडले. नंतर पाणी काढून घेतलं, पुठ्ठ्यांच्या जागा बदलल्या. तरी माश्या निळ्यावरच! रंगांधळी माशी निळ्याची गल्लत कुठल्या तरी करड्याशी नक्की करती. लाल रंगावर मात्र त्या फसल्या, कारण लाल त्यांना दिसत नाही.

१९४१ मध्ये नाझी सरकारनं त्यांच्या आजीचं ज्यू मूळ शोधून काढलं. प्राध्यापकी जाणार हे ठरलं. नेमकं त्याच वेळी नोसेमा रोगानं मधमाश्यांच्या लाखो वसाहती मरत होत्या. परागीभवन नाही तर पीक नाही, आणि तेही ऐन युद्धात! सरकारनं रोगाचा अभ्यास फ्रिश यांच्याकडे दिला आणि हकालपट्टी युद्धानंतरवर ढकलली. युद्ध संपलं तेव्हा ते सरकारच उरलं नव्हतं.

पुढे माश्यांच्या नाचाची भाषा उलगडल्याबद्दल १९७३ चं नोबेल त्यांना विभागून मिळालं. १९८२ मध्ये वयाच्या ९५ व्या वर्षी ते गेले.

मग हेस साफ चुकले होते? निष्कर्षात हो, निरीक्षणात नाही. कोंडलेली माशी सुटायला बघते तेव्हा ती फक्त उजेडामागे जाते. खाणं शोधताना रंग बघते. डोळे तेच, वागणं वेगळं.

असं वागणं मेंदूतली रसायनं बदलू शकतात. त्यातलं एक सेरोटोनिन. हो, मूडच्या रील्समधलं तेच! १९४८ मध्ये नाव मिळालेलं हे रसायन माशीच्या मेंदूत वाढवलं, की तिची उजेडाची ओढ कमी होते. फळमाशीत ते शरीराच्या घड्याळावरचा प्रकाशाचा परिणाम घटवतं. टोळात तर ते थेट डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींवर काम करतं: त्यांच्यातल्या पोटॅशियमच्या वाटा बदलतात आणि दिवसाची पेशी रात्रीसारखी वागू लागते.