रमाबाईंना ठाऊक असलेली भूक



येत्या ५ एप्रिलला पंडिता रमाबाईंची पुण्यतिथी. आपल्या मंडळ्यांत त्यांची गोष्ट सांगतात ती बहुतेक अशी: आधी दुःख, मग बाप्तिस्मा, मग सगळं सुरळीत. बाईंचं आयुष्य काही तसं गेलं नाही, म्हणून हे चार शब्द.

जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराण सांगत तीर्थोतीर्थी हिंडायचे, बिऱ्हाड बरोबरच. संस्कृत आईनं शिकवलं, त्याच वाटेवर. मग दक्षिणेत दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते विकून झालं, हलकं काम करायचं नाही, भीक मागायची नाही. शेवटी जंगलातला पाला खाऊन दिवस काढले. आधी वडील गेले, थोड्याच दिवसांत आई, पुढे थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदेकरी पुरेनात, तेव्हा भावाबरोबर रमाबाई उभ्या राहिल्या. उंची कमी, म्हणून आपली बाजू त्यांनी डोक्यावर घेतली. स्मशान तीन मैल लांब होतं.

मग दोघं भावंडं पायी पार काश्मीरपर्यंत गेली. झेलमच्या काठी पांघरायला काही नाही, म्हणून वाळूत खड्डे करून, गळ्यापर्यंत वाळू ओढून झोपली. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावींशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत तेही कॉलऱ्यानं गेले. मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

२९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडात वॉन्टेज इथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. डॉक्टर व्हायला गेलेल्या बाईंना ऐकू कमी येऊ लागलं होतं, त्यामुळे ते शिक्षण राहिलं. बाप्तिस्म्यानं कान काही परत आले नाहीत. परत येऊन १८८९ ला त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं. १८९३ मध्ये पुण्यात मुली बाटवतात अशी ओरड झाली आणि कितीतरी पालक आपापल्या मुली घेऊन गेले.

मला मोठी वाटते ती १८९६ ची गोष्ट. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं आणि बाई स्वतः तिकडे गेल्या. निराधार पोरींची छावण्यांत काय गत होते, हे त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं. तशीच उपाशी पोरगी त्या स्वतः होत्या. तीनशेच्या आसपास मुली-बायका त्यांनी आणल्या. केडगावचं मुक्ती त्यांच्यामुळेच भरलं. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही शेकडो आल्या. आपल्या हालांचा अर्थ बाईंना प्रभूपाशी मिळाला असेल, तर तो असा: त्या पोरींची भूक ओळखण्यात. आईबाप का गेले, याचं उत्तर त्यांना मिळालं असं मला तरी दिसत नाही.

आणि दुःख थांबलंही नाही. मनोरमाबाई मुक्तीचा उजवा हात. गुलबर्ग्याला मुलींची शाळा त्यांनीच चालवली. १९२१ च्या जुलैत त्या आईच्या आधी गेल्या. बाई तेव्हा हिब्रू-ग्रीकवरून, न शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत, बायबल उतरवत होत्या. लेक गेल्यावरही प्रुफं तपासणं चालूच होतं. ५ एप्रिल १९२२ ला त्या वारल्या. ते बायबल १९२४ साली पुरं छापून निघालं, मुक्तीच्याच छापखान्यात.

— एक वाचक, बेळगाव